थाळीच्या मागचे आणि पुढचे

वृंदा कापगतेने खिचडीचा पहिला घास उचलला, तेव्हा त्या घासामागोमाग थाळीतून एक बाई बाहेर आली. तिच्या हातात मोठा झारा होता आणि पदर कमरेला खोचलेला होता. तिने आधी एक पाय टेबलावर ठेवला, मग दुसरा, मग खुर्चीचा आधार घेत ती जमिनीवर उतरली आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले होते.

"नाव?" शहारे साहेबांनी विचारलं. ते जिल्ह्याच्या आहार कक्षाचे प्रमुख. समोर नोंदवही उघडून बसले होते.

"पंचफुला गजभिये," बाई म्हणाली. "शाळेत सैपाक करतो जी मी."

एवढं बोलून ती खोकली. खोकला कोरडा होता आणि जुना होता. तिच्या मागून थाळीतून धूर आला, धुरामागून ओल्या लाकडांची मोळी आली, आणि मग थाळी पुन्हा नुसती थाळी झाली.

"स्वयंपाकीण, एक," शहारे साहेबांनी लिहिलं. "पुढचा घास घ्या मॅडम."

वृंदा दचकली नाही, कारण हे तिनेच मागितलं होतं. ती आहार कक्षात पोषण अधिकारी होती. वय सेहेचाळीस. जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांमध्ये पुढची पाच वर्षं दुपारी काय शिजणार ते आज ठरायचं होतं. तीन थाळ्या समोर मांडल्या होत्या आणि त्यातली एक तिने निवडायची होती. सहा महिन्यांपूर्वी तिने वर एक टिपण पाठवलं होतं. अन्न म्हणजे फक्त ताटात वाढलेला पदार्थ नाही, असं त्यात लिहिलं होतं. ते कुठे पिकलं, किती पाणी प्यायलं, कसं आलं, कशावर शिजलं, खाल्लं गेलं की टाकलं गेलं, आणि शेवटी मातीत कसं परतलं, हे सगळं मिळून ते अन्न होतं; हे पूर्ण आयुष्य पाहिल्याशिवाय धोरण ठरवू नये. टिपण जसंच्या तसं मंजूर होऊन आलं. त्यात फक्त एक शब्द वाढवलेला होता. 'पाहिल्याशिवाय'च्या आधी 'प्रत्यक्ष'.

असं टिपण लिहायला वृंदाला कारण होतं. सात वर्षांपूर्वी तिने असाच एक आहार ठरवला होता, आणि दहा मिनिटांत ठरवला होता. कागदावर सगळं उत्तम होतं. प्रथिनं होती, लोह होतं, पाकीट स्वच्छ होतं. दोन वर्षांनी ती एका शाळेला भेट द्यायला गेली, तर मागच्या नाल्यात पाकिटांचा बांध झाला होता आणि पाणी अडून राहिलं होतं. बरीच पाकिटं फोडलेलीसुद्धा नव्हती. मुलांना ते आवडतच नव्हतं. हेडमास्तर म्हणाले होते, "मॅडम, कागदावर तर सगळे खातात." त्या दिवसापासून सही करताना तिच्या उजव्या हाताचा अंगठा बधिर होत असे.

तिने दुसरा घास घेतला.

दुसऱ्या घासाला ट्रक आला. तो मागच्या बाजूने आला, टीं टीं करत, हळूहळू, थाळीची कड सांभाळून. ड्रायव्हर खाली उतरला. बिसेन नाव. मानेभोवती ओला टॉवेल.

"कुठं लावू?"

"भिंतीला लावा," शहारे साहेब म्हणाले.

भिंतीशी जागा नव्हती, तेव्हा भिंत मागे सरकली. बाकावर आधीच बसलेला माणूस नव्या माणसाला जागा देतो, तशी. ट्रक नीट बसला.

"तांदूळ भरून आणतो आणि रिकामा जातो," बिसेन कुणी न विचारता म्हणाला. "डिझेल तर दोन्हीकडे लागतंच."

तिसऱ्या घासाला गिरणी आली, तिच्या पट्ट्यांसह आणि कोंड्याच्या ढिगासह. भिंत आणखी मागे गेली. चौथ्या घासाला पाणी आलं. ते धानाच्या बांधीतलं, म्हणजे भाताच्या खाचरातलं पाणी होतं, उभं, कोमट, आणि खोलीतल्या सगळ्यांच्या पोटऱ्या बुडेपर्यंत ते थाळीतून सांडत राहिलं. त्यात हिरवा धान उभा होता. चिखलातून बुडबुडे येत आणि वर येऊन फुटत, आणि प्रत्येक बुडबुड्यागणिक खोलीत थोडं जास्त उकडू लागलं. शहारे साहेबांनी चपला काढून टेबलावर ठेवल्या. सगळ्यात शेवटी विहीर आली. ती कपाटाशेजारी कोपऱ्यात उभी राहिली. वृंदाने वाकून पाहिलं, तर विहिरीचा तळ दिसत होता आणि तळाशी मोटारीचा पाइप कोरडाच घोरत होता.

"आलेले कधी जातील?" वृंदाने विचारलं.

"सही झाल्यावर."

"आणि तोवर?"

"तोवर इथेच."

खिडकीवर टकटक झाली. बाहेर मुलांची रांग होती. आदेशच तसा होता: निर्णय होईपर्यंत जुना आहार बंद, आणि नवा अजून सुरू व्हायचा होता. जिल्ह्यात एकाही शाळेत चूल पेटलेली नव्हती. म्हणून मुलं थाळ्या घेऊन इथे आली होती. रांग आवाराबाहेर गेली होती आणि तिचं दुसरं टोक दिसत नव्हतं. सगळ्यात पुढे चौथीतली एक मुलगी होती. खिडकीच्या चौकटीवर तिने हनुवटी टेकली होती.

"झालं का मॅडम?"

"होतंय. तुझं नाव काय?"

"सावनी कुंभरे."

"थोडं थांब सावनी."

"किती?"

वृंदा पाण्यातून चालत टेबलाकडे परत आली. जाताना सात पावलं लागली होती, येताना अकरा लागली.

दुसरी थाळी पाकिटाची होती. नवं पाकीट, नव्या कंपनीचं. गरम पाण्यात पूड ढवळायची की दोन मिनिटांत तयार. वृंदाने एक चमचा तोंडात घातला. चव गोड होती आणि कशाचीच नव्हती. थाळीतून लगेच माणसं आली नाहीत. आधी पुडीतलं तेल देणारी तेलताडाची झाडं आली, एका ओळीत, एका उंचीची. ती इतक्या लांबून आली होती की इथला उजेड त्यांना कळत नव्हता. त्यांच्या सावल्या भलत्याच दिशेला पडत होत्या. त्यांच्यामागे जहाजाचा भोंगा आला, नुसता भोंगा, जहाज बाहेरच थांबलं असावं. मग पांढऱ्या टोप्या घातलेले कामगार असलेला एक लांबलचक हॉल आला. सगळं शिस्तीत आलं. कुणी खोकलं नाही.

"याला सैपाकीण नाही लागत?" पंचफुलाबाईने भिंतीपासून विचारलं.

"नाही," शहारे साहेब म्हणाले.

"मंग मी काय करू जी?"

शहारे साहेबांनी वही पाहिली. "तसा रकाना नाही."

वृंदा तिच्याकडे बघू शकली नाही. ती बघण्याचं टाळते आहे हे पंचफुलाबाईलाही कळलं, आणि तिने झारा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

मग पाकिटं आली. ती रिकामी होती. एकेक करून खुर्च्यांवर बसली. खुर्च्या संपल्या तेव्हा ती एकमेकांच्या मांडीवर बसली. त्यात नवी होती आणि जुनीही होती. वृंदाने एक उचलून पाहिलं. रंग उडाला होता, पण मागच्या बाजूची अक्षरं अजून वाचता येत होती, आणि अक्षरांखाली तिची सही होती. तिने ते उलटं ठेवलं. ते सुलट झालं.

"यांना उठवा," ती बिसेनला म्हणाली.

बिसेनने दोघातिघांना हात लावला. ती नुसती कुरकुरली. "हे नाही उठत मॅडम. बाकीचं सगळं कधीतरी उठून जातं. हे बसतं."

खिडकीवर पुन्हा टकटक झाली. दीड वाजला होता. वृंदा खिडकीकडे निघाली आणि मोजत गेली. एकोणीस पावलं. सावनीची हनुवटी चौकटीवर नव्हती. आता फक्त डोळे आणि कपाळ दिसत होतं.

"तू वाकून उभी आहेस का?"

"नाही मॅडम."

"मग?"

"रांगेत सगळेच कमी होऊन राहिले," सावनी म्हणाली. "मागचे जास्त. मागच्यांचे दप्तरच दिसतेत."

वृंदाने चौकटीबाहेर हात काढला. सावनीच्या डोक्यावर ठेवला. पूर्वी ती अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होती आणि पंधरा वर्षं तिने मुलांची उंची मोजली होती. हाताला फरक कळला. चार बोटं उंची गेली होती.

"शहारे साहेब, लवकर करायला हवं."

"तिसरी थाळी राहिली आहे."

तिसरी थाळी वृंदाची लाडकी होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ज्वारीची भाकर, वरण, जवसाची चटणी. तिने भाकरीचा तुकडा मोडला. जे आलं ते किती थोडं होतं! बारा किलोमीटरवरचं एक कोरडवाहू शेत आलं आणि पाण्याला न शिवता कडेकडेने उभं राहिलं. त्याच्यामागे जवसाची निळी फुलं आली. एक टेंपो आला, अर्धाच. मागच्या भिंतीला हलावंसुद्धा लागलं नाही. वृंदाला वाटलं, झालं. तिने पेन उचललं.

"खाऊन कोण बघणार?" पंचफुलाबाई म्हणाली. "लेकरं खातीन का, ते पाहा ना जी."

वृंदाने पेन ठेवलं. ती थाळी घेऊन खिडकीशी गेली, सावनीला हाताला धरून चौकटीवर बसवलं आणि तिच्यापुढे भाकर ठेवली. सावनीने खायला सुरुवात केली. ती भुकेली होती, म्हणून पहिले चार घास भराभर गेले. मग तिचं चावणं हळू झालं. भाकर वाळली होती; मोठ्या भांड्यात तासन्‌तास झाकून ठेवलेली भाकर वाळणारच. अर्धी भाकर उरली. सावनीने ती उरलेली भाकर थाळीच्या कडेला सरकवली आणि वृंदाकडे अपराध्यासारखं पाहिलं.

तेव्हा शेताचा अर्धा भाग वळला. जवसाची अर्धी फुलं वळली. त्यांनी तोंडं झाकून घेतली आणि ते सगळे रांगेने भिंतीतून निघून गेले. त्या शेतात निंदण करणारी एक बाई होती, तीही गेली. जाताना तिने एकदाच मागे पाहिलं, वृंदाकडे नाही, भाकरीच्या तुकड्याकडे.

वृंदा खाली पाण्यात बसली. तिला उभं राहता येईना. इतकी वर्षं ती थाळीच्या मागचंच बघत होती. मुलाने अर्धं टाकलं की त्याच्या मागचं अर्धं पाणी, अर्धं शेत, अर्धी बाई, सगळंच फुकट जातं, हे तिने टिपणात एका ओळीत लिहिलं होतं. ओळ लिहिताना तिला असं उभं राहता येईनासं झालं नव्हतं.

शहारे साहेब पाण्यातून चालत आले. चालायला त्यांना बराच वेळ लागला, कारण खोली आता शाळेच्या मैदानाएवढी झाली होती. त्यांच्या हातात खडू होता.

"मॅडम, तुम्ही हुशार आहात, पण एक करायचं विसरलात," ते शांतपणे म्हणाले. "सीमा आखली नाहीत. कुठेतरी रेघ मारावीच लागते. आतलं मोजायचं. बाहेरचं सोडून द्यायचं. नाहीतर कुणीच कधी सही करू शकणार नाही."

त्यांनी टेबलाभोवती रेघ मारली. पाण्यावरही ती पांढरी उमटली. गिरणी आत राहिली, ट्रकचा पुढचा भाग आत राहिला, पाकिटाचा हॉल आत राहिला. विहीर बाहेर गेली. धान बाहेर गेला. पंचफुलाबाई बाहेर गेली. रिकामी पाकिटं सगळी बाहेर गेली.

आणि एकदम शांतता झाली. बुडबुडे फुटत होते पण आवाज नव्हता. मोटार घोरायची थांबली. पंचफुलाबाईचं अंग खोकल्याने हलत होतं, पदर तोंडाशी होता, पण ऐकू काही येत नव्हतं. खोली झरझर लहान झाली. भिंत जवळ आली, दार जवळ आलं, पंख्याचा वारा लागू लागला.

वृंदाला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं तिने अगदी स्पष्ट ओळखलं, आणि त्याची तिला भीती वाटली.

"बघा," शहारे साहेब म्हणाले. "रेघेच्या आत पाकीट सगळ्यात चांगलं आहे. करा सही."

कागद समोर होता. अंगठा बधिर झाला होता. खिडकीत सावनी नव्हती; चौकटीवर बसल्या बसल्या ती इतकी लहान झाली होती की तिच्या थाळीआड दिसत नव्हती. थाळी तेवढी हलत होती. वृंदाने पेनाचं टोक कागदावर ठेवलं. शाईचा एक ठिपका पडला आणि पसरू लागला. तिने मान वर केली. रेघेपलीकडून पंचफुलाबाई तिला काहीतरी सांगत होती. ओठ हलत होते. पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

वृंदा उठली आणि तिने पायाने रेघ पुसली.

"लेकरू जाईल!" पंचफुलाबाईचा आवाज मधूनच सुरू झाला. "काहून ऐकत नाही तुम्ही? मी म्हणतो, कण्या करा. भाकर नको. ज्वारीच्या कण्या भरडा, त्यात मूठभर तांदूळ, बरबटी टाका, वरून फोडणी. मऊ होते. गरम राहते. माझ्या पोरी त्याच्यावरच वाढल्या. चाटून खातीन."

"बरबटी म्हणजे?" शहारे साहेबांनी वही उघडत विचारलं.

"चवळी," वृंदा म्हणाली. "पण ही थाळी यादीत नाही."

"नाही," शहारे साहेब म्हणाले. "यादीत तीनच आहेत."

"आहे नाही आहे, ते मंग पाहा," पंचफुलाबाई म्हणाली. "आधी चूल कुठं मांडू ते सांगा."

वृंदाने खडू घेतला. तिने स्वतः रेघ मारायला सुरुवात केली. पंचफुलाबाईला आत घेतलं. ती आत आली तर तिची लाकडं बाहेर राहिली, म्हणून लाकडं आत घेतली. लाकडांमागे जंगलाची एक कड होती, ती घेतली. धुरासाठी तिने थांबून विचार केला, मग पंचफुलाबाईला म्हणाली, "उघड्या चुलीवर नाही. झाकलेली चूल, धुराडं वर काढलेली. नाहीतर मी सही करणार नाही."

"बांधून देता का जी?"

"आदेशातच लिहिते."

"मंग चालते."

बिसेनला तिने ट्रकसह आत घेतलं. "रिकामा जायचं नाही," ती म्हणाली. "येताना कण्या आणायच्या, जाताना शाळेतलं उष्टं आणि राख शेतात न्यायची."

"माझं काही नाही," बिसेन म्हणाला. "गाडी भरलेली असली की झोप येत नाही."

ज्वारीचं शेत परत आलं, पूर्ण. निंदणारी बाई आली आणि आत उभी राहिली. थोडा धान आत घेतला, मूठभराएवढाच, आणि पाणी घोट्यापर्यंत उतरलं. विहिरीच्या तळाशी ओल दिसली. पाकिटं मात्र आत घ्यायचं म्हटलं की खडू उमटेना. वृंदाने त्यांच्याभोवती तीनदा रेघ मारली, तीनदा ती आपोआप मिटली. शेवटी तिने सही असलेलं ते जुनं पाकीट उचललं आणि आपल्या पर्समध्ये ठेवलं. ते जड होतं. बाकीची बसून राहिली.

कण्या शिजल्या. फोडणीचा वास आला तसा बाहेरच्या रांगेतून एक आवाज उठला, दूरवर जात विरला. वृंदाने चौकटीवरची थाळी भरली. बराच वेळ काही झालं नाही. मग थाळीआडून एक छोटा हात आला, मग दुसरा. सावनी खात होती. पहिल्या घासाला तिची बोटं दिसली, पाचव्याला वेणी. शेवटी सावनीने थाळी पुसून काढली आणि चौकटीवरून बाहेर उडी मारली. बाहेर उभं राहिल्यावर तिची हनुवटी चौकटीच्या वर आली.

"अजून मिळेल?"

"मिळेल," वृंदा म्हणाली आणि तिला रडू आलं.

चार वाजता तिने सही केली. यादीतल्या तीन थाळ्यांखाली हाताने चौथी लिहिली आणि तिच्यापुढे सही केली. शहारे साहेबांनी हरकत घेतली नाही. ट्रक पुढच्या बाजूने थाळीत शिरला आणि गेला. शेत गेलं. विहीर गेली. पंचफुलाबाई जाताना थांबली.

"धुराडं विसरू नका जी."

"नाही विसरणार."

"सगळे असंच म्हणतेत," ती रागाने नाही, नुसतं सांगावं तसं म्हणाली, झारा पुसून घेतला आणि टेबलावर चढून थाळीत उतरली.

खोलीत वृंदा आणि शहारे साहेब उरले, आणि खुर्च्यांवरची पाकिटं. जमीन ओली होती. वृंदाने पर्स उचलली.

"दुसरं पान मॅडम," शहारे साहेब म्हणाले.

"कसलं?"

त्यांनी आदेश उलटला. मागच्या बाजूलाही मजकूर होता. वृंदाने तो लिहिला नव्हता, पण अक्षर तिचं होतं. थाळीच्या मागचे येऊन गेल्यावर थाळी पालथी घालावी, म्हणजे थाळीच्या पुढचे येतील. त्यांना प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही ग्राह्य धरू नये.

"पुढचे म्हणजे कोण?"

"या जमिनीवर यानंतर जेवायचे आहेत ते," शहारे साहेब म्हणाले. "मी कधी इथवर आलो नाही. लोक आधीच निघून जातात."

वृंदाने दाराकडे पाहिलं. दार जवळच होतं, चार पावलांवर. पर्सचा बंद खांद्यात रुतत होता. ती परत वळली आणि सावनीची पुसलेली थाळी तिने टेबलावर पालथी घातली.

समोरच्या भिंतीतून ते आले. तिथे दार नव्हतं. आधी शाळेतली मुलं आली, अजून ठरलेला नाही अशा रंगाच्या गणवेशात. मग मोठी माणसं आली, मग म्हातारी. ती घाई करत नव्हती. कुणीच रागावलेलं दिसत नव्हतं. त्यांनी पाकिटं बसलेल्या खुर्च्या पाहिल्या आणि ती उभीच राहिली.

"नावं?" शहारे साहेबांनी विचारलं.

"अजून ठेवलेली नाहीत," एकजण म्हणाला.

शहारे साहेबांनी रकाना रिकामा सोडला.

एक म्हातारी पुढे आली. तिच्या जन्माला अजून तीस वर्षं होती, तरी वृंदाच्या तोंडून "आजी" असंच निघालं. आजी खाली बसली आणि हाताने जमिनीची ओल चाचपू लागली.

"तुमच्या वेळी पाणी कुठवर होतं?"

"पोटरीपर्यंत," वृंदा म्हणाली. "मग आम्ही ते घोट्यापर्यंत आणलं. विहिरीसाठी."

"कमी केलंत?"

"हो."

"पुरेसं?"

"आज जेवढं जमलं तेवढं."

आजीने मान हलवली. तिने कमरेच्या पिशवीतून खडू काढला. तिच्या मागच्या सगळ्यांनी आपापले खडू काढले, लहान मुलांनीसुद्धा. मग ते सगळे वाकले आणि भिंतीच्या दोन्ही टोकांकडून रेघ ओढत निघाले. ओल्या जमिनीवर खडू घासण्याचा आवाज खोलीभर पसरला. रेघ टेबलाखालून गेली, पाकिटांच्या खुर्च्यांना वळसा घालून गेली. शहारे साहेबांच्या जवळ आली तेव्हा एका मुलाने त्यांच्या पायांकडे बघितलं, विचार केला, आणि त्यांना आत घेत रेघ पुढे नेली. आजी वृंदाकडेच येत होती, गुडघ्यांवर, हळूहळू.

"आजी, मी आत आहे की बाहेर?"

रेघ तिच्या पायाच्या अंगठ्याशी येऊन थांबली. आजीने मान वर केली आणि बोलायला लागली. बरंच बोलली. शहारे साहेब मान डोलावत तिचा शब्द न्‌ शब्द वहीत उतरवून घेत होते. आजीचे ओठ हलत होते, खडूही सगळीकडे चालत होते, आणि रेघेपलीकडे वृंदाला काहीच ऐकू येत नव्हतं.